चाप, कानस आणि लेखणी

म्हैसुरास बदलून आलेल्या मराठी माणसाला बन्नूर हे गाव बहुधा दोन कारणांनी ठाऊक होते. एक, येथील बुटक्या अंगलोटाची, मांसाविषयी नावाजलेली मेंढी. आणि दुसरे, विजयनगरच्या राजांना गुरुस्थानी असलेल्या श्रीव्यासतीर्थांचे हे जन्मस्थान, अशी परंपरेने चालत आलेली माहिती. मळवळ्ळीहून म्हैसूरकडे येणाऱ्या वाटेवरील हा गाव. भोवताली भाताची खाचरे, उसाचे मळे, कालव्यांचे पाणी आणि हाकेच्या अंतराहून थोडी पलीकडे कावेरी. येथे एखादी लढाई आठवावी असे काहीच डोळ्यांस दिसत नाही. तथापि आम्हां मराठी मंडळींना या मुलखाचा आणखी एक ऋणानुबंध आहे, आणि तो स्मरावा म्हणूनच हा लेखनप्रपंच.

इसवी सन १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस कनकनहळ्ळी, मळवळ्ळी या मार्गाने श्रीरंगपट्टणावर चालून आला आणि बन्नूरच्या उत्तरेस असलेल्या अरकेरे गावी त्याने तळ दिला. नदी फुगलेली होती, उतार मिळेना. १५ मे रोजी करीघट्टाच्या टेकडीलगत टिपूशी त्याची लढाई झाली. रण इंग्रजांच्या हाती राहिले, पण पट्टण राहिले नाही. बैल मरून पडले, धान्य सरले आणि अखेर वेढ्याच्या मोठ्या तोफा आपल्याच हातांनी फोडून कॉर्नवॉलिसला माघार घ्यावी लागली. या हलाखीत मे महिन्याच्या शेवटी मेलकोट्याच्या बाजूस अकस्मात मराठ्यांची फौज येऊन मिळाली. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन हे तिचे सरदार. उपाशी इंग्रज शिपायांना जीवदान मिळाले ते या फौजेबरोबर असलेल्या बाजारात.

त्या बाजाराचे वर्णन म्हैसूरचा इतिहासकार मार्क विल्क्स याने मोठ्या रसाने केले आहे. काश्मिरी शालींपासून जुन्या वापरलेल्या वस्त्रांपर्यंत आणि हिऱ्यांपासून लुटीत आलेल्या गरिबाच्या चांदीच्या दागिन्यापर्यंत सर्व काही तेथे विकावयास मांडलेले होते. विलायती बनात होती आणि बर्मिंगहॅमचा चाकूही होता. हे वर्णन वाचताना मराठी वाचकाची छाती क्षणभर फुगते. आमचीही फुगली. परंतु बर्मिंगहॅमच्या त्या चाकूपाशी आम्ही थबकलो. कारण ज्या गावाहून तो चाकू आला, त्याच गावाच्या परिसरात त्या काळी बंदुकांच्या कळी तयार होत असत. वेन्सबरी, डार्लस्टन, वुल्व्हरहॅम्प्टन या आसपासच्या वस्त्यांत घरोघर कानस चालवणारे कारागीर बसलेले असत. चाकू विकत घेता येतो, तशी बंदूकही विकत घेता येते. पण त्या बंदुकीच्या पोटातील कळ घडवण्याची विद्या विकत घेता येते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर तरवार, घोडा आणि तोफ ही नेहमीची मोठी माणसे बाजूस सारून एका अगदी लहान वस्तूकडे पाहिले पाहिजे. ती वस्तू म्हणजे बंदुकीचा चाप.

आपल्या पूर्वजांच्या हाती बहुतांशी जी बंदूक होती ती तोड्याची. तिची रचना साधी. सुताची, सोऱ्यात मुरवलेली जळती वात, म्हणजे तोडा, एका वाकड्या चिमट्यात धरलेला असे. चाप ओढला की आतील दांडी चिमट्याला खाली ढकली. तोड्याचे टोक कानाशेजारच्या रंजकावर टेके आणि बार उडे. येथे कोणतीही दाबून ठेवलेली शक्ती एकदम सुटत नाही. बोट जितके हलेल तितकाच तोडा हलेल. त्यामुळे तोडेदार बंदुकीचा चाप लांब चालीचा असला तरी मऊ असे आणि बार उडताना नळीस हिसका बसत नसे. लांब नळी, टेकू दिलेला हात आणि धिमा चाप यांच्या बळावर हिंदुस्थानी बंदुकची दूरचा नेम मारीत, आणि त्याची धास्ती त्या काळच्या युरोपीय शिपायांनीही घेतलेली आहे. दोष होता तो वेगळाच. पावसात तोडा विझे, रात्री त्याचा निखारा शत्रूला दिसे, आणि खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या पलटणीत प्रत्येकाच्या हाती दारूशेजारी जळता विस्तव असणे हे भयंकरच होते.

चकमकीच्या बंदुकीने हा विस्तव नाहीसा केला, परंतु त्याच्या जागी एक नवे कोडे आणून ठेवले. या बंदुकीत गारगोटी धरणारा घोडा एका बळकट कमानीने ताणून मागे धरलेला असतो. घोड्याच्या आसावर आत एक लहानशी चकती असते आणि तिला दोन खाचा असतात. पहिली खोल, घोडा अर्धा चढवून बंदूक निर्धास्त बाळगण्यासाठी. दुसरी उथळ, बार काढण्यासाठी. या खाचेत पोलादाची एक जीभ अडकून बसते आणि सगळ्या कमानीचे बळ ती एकटी पेलून धरते. चाप ओढणे म्हणजे या जिभेला खाचेतून बाहेर काढणे, दुसरे काही नाही.

आता विचार करावा. खाच खोल ठेवली तर जीभ सुटण्यास जोर लागतो. जोर लावताना मनगट वळते आणि नेम जातो. खाच उथळ केली तर चाप हलका होतो, पण बंदूक आपटताच जीभ निसटून आपल्याच माणसाचा प्राण जाण्याचे भय. खाचेचा कोन थोडा चुकला तर चाप ओढताना घोडा आधी किंचित मागे जातो आणि मग सुटतो. बोटाला ते खरखरीत, अडखळते वाटते. जिभेची धार व खाचेची कड आरशासारखी घोटलेली नसेल तरी हेच. बरे, घोटून घोटून मेळ बसवला आणि लोखंड मऊ निघाले, तर शंभर बारांत ती कड झिजून सगळे श्रम वाया. म्हणून हे भाग हाडांच्या व कातड्याच्या कोळशात पुरून, बंद पेटीत तापवून, एकदम पाण्यात विझवतात. त्याने वरची साल काचेसारखी कठीण होते आणि आतला गाभा चिवट राहतो. चाप हलका असावा पण भित्रा नसावा, पक्का असावा पण हट्टी नसावा. ही मर्यादा सांभाळण्याचे काम कानशीच्या दोन-चार ओढींवर अवलंबून असते. एक ओढ कमी पडली तर पुन्हा घालता येते. एक जास्त झाली तर तो तुकडा भंगारात.

हे कसब हिंदुस्थानी लोहारास साधत नव्हते असे म्हणणे खोटे होईल. मीर कासिमाने मुंगेरास काढलेल्या कारखान्यातील बंदुका कंपनीच्या विलायती बंदुकांशी ताडून पाहता सरस ठरल्या आणि राजमहालच्या गारगोट्यांनी त्यांची ठिणगीही अधिक खात्रीची केली, अशी त्या काळची नोंद आहे. आणि श्रीरंगपट्टणाविषयी तर बोलावयासच नको. बन्नूरहून जेथे सकाळी निघून पायी चालत दुपारपर्यंत पोहोचता येते, त्या पट्टणात टिपूने बंदुकांचे कारखाने चालवले. पट्टण, बंगळूर, चित्रदुर्ग आणि बिदनूर येथे त्याच्या कारखान्यांच्या पेठा होत्या. त्याच्या खासगी शस्त्रागारातील ज्या बंदुका व पिस्तुले पुढे विलायतेस गेली, त्यांवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, पट्टणाचे नाव, टिपूने सुरू केलेल्या मौलूदी सनाचे वर्ष आणि पुष्कळदा कारागिराचे नावही आढळते. पिस्तुलांच्या जोडीत एकाची कळ उजवीकडे तर दुसऱ्याची डावीकडे, अशी दोन्ही हातांसाठी केलेली रचना पाहून आजचा जाणकारही थक्क होतो. डावी कळ म्हणजे उजव्या कळीची आरशातील प्रतिमा. तिचा प्रत्येक तुकडा नव्याने कोरून काढावा लागतो. ज्यांना हे जमले त्यांचा हात कोणत्याही बर्मिंगहॅमवाल्यापेक्षा उणा नव्हता.

मग उणे होते ते काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पॅरिसमध्ये सापडते. इ. स. १७८५ मध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने काही पाहुण्यांपुढे बंदुकीच्या कळींचे सुटे भाग ठेवले. ज्याने त्याने मनास येतील ते तुकडे उचलावे आणि जोडावे. कळ तयार होई, आणि चाले. पाहुण्यांत अमेरिकेचा वकील टॉमस जेफर्सन होता. त्याने स्वतः काही कळी जोडून पाहिल्या आणि ऑगस्टअखेर मायदेशी तसे लिहून कळवले. ब्लाँचे कारागीर जादूगार नव्हते. त्याने प्रत्येक भागासाठी साचे व मापे ठरवली होती. मापात बसेल तो तुकडा ठेवावयाचा, न बसेल तो टाकावयाचा. यानंतर तीनच वर्षांनी, १७८८ च्या ऑगस्टात, टिपूचे वकील व्हर्साय येथे सोळाव्या लुईस भेटले. त्यांनी कारागीर मागितले, आणि काही कारागीर त्यांच्याबरोबर म्हैसुरास आलेही. माणसे आली. पण मापाची ती पद्धत काही त्यांच्याबरोबर जहाजातून आली नाही.

पट्टणची बंदूक बिघडली तर ती घडवणाऱ्या उस्तादापाशी, नाहीतर त्याच्या तोडीच्या दुसऱ्या उस्तादापाशी न्यावी लागे. कारण तिची जीभ दुसऱ्या कोणत्याच बंदुकीच्या खाचेत बसत नसे. प्रत्येक बंदूक एकुलती एक. राजाच्या शिकारीस ही गोष्ट भूषणावह; पन्नास हजार शिपायांच्या फौजेस ती घातक. युरोपातही ब्लाँची पद्धत रुळावयास पुढे अर्धशतक लागले. तोवर तेथेही काम कानशीनेच चाले. पण त्या कानशीमागे नमुन्याची ठरलेली बंदूक, तपासनीस, नापास मालावरचा शेरा आणि या सर्वांची वही होती. एका बंदुकीचा चाप सुधारणे हे कारागिराचे काम होय. एक लाख बंदुकांचे चाप सारखे ठेवणे हे कचेरीचे काम होय. आमचे प्रतिपाद्य एवढेच आहे, आणि या नियतकालिकाचे वाचक बहुतांशी कचेरीतील असल्याने त्यांना ते समजावून सांगण्याची गरज नाही.

येथेच मराठी मनाला खरा चटका बसतो. कारण लेखणी ही तर आपली. पेशवे दफ्तरातील हिशेब पाहिले म्हणजे मामलेदाराने किती शिधा घेतला, कोणत्या घाटात किती जकात जमली, हे पैपर्यंत लिहिलेले दिसते. नाना फडणिसांच्या नावातच ही लेखणी आहे. मग तीच लेखणी लोहाराच्या भात्यापाशी का गेली नाही? पुण्याच्या दरबारी बंदुका पुष्कळशा इंग्रज, फ्रेंच व पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडून घेतल्या जात. खरेदीचा हिशेब चोख. पण घडणीचा विचार नाही. गोळे ओतण्याचे कारखाने निघाले, तोफाही ओतल्या गेल्या, परंतु कानस धरणारा माणूस आणि वही धरणारा माणूस एका चटईवर बसले नाहीत. त्यांच्या मधे जात होती, प्रतिष्ठा होती, आणि काम करणाऱ्या हाताविषयीचा जुना अनादरही होता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. महादजी शिंद्यांनी तेवढे ते अंतर तोडले. आग्र्यास सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली त्यांनी तोफा ओतवल्या व बंदुका करवल्या. दहा रुपयांच्या आसपास एक बंदूक पडे आणि ती विलायती मालाच्या तोडीची असे, असे लिहून ठेवलेले आहे. हिंदुस्थानी हात, देखरेख आणि सरकारी पैसा एकत्र आले की काय होते याचा तो पुरावा होता. पण तो महादजींच्या हयातीचा आणि हिमतीचा उद्योग ठरला. राज्याचा परिपाठ झाला नाही.

पुढची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. १७९९ च्या मार्चअखेर जनरल हॅरिस बन्नूरच्या खालच्या अंगास सोसले येथे कावेरी उतरला आणि ४ मे रोजी पट्टण पडले. तेथील कारभार आर्थर वेलस्लीच्या हाती आला. चारच वर्षांनी म्हैसूरचे बैल, म्हैसूरचे धान्य आणि पट्टणच्या कोठारातील सामान घेऊन तोच वेलस्ली उत्तरेस निघाला आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईवर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी भिडला. ज्या पट्टणाला वेढा घालण्यास आम्ही मदत केली, त्याच पट्टणाच्या आधारावर आमच्यावर स्वारी आली. इतिहासाची ही फिरकी बन्नूरच्या नदीकाठी उभे राहिले म्हणजे अंगावर येते.

असईपर्यंत चापाच्या हलकेपणाला रणांगणात फारसे मोल नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. गुळगुळीत नळीच्या बंदुकीने एकेकट्याने नेम धरावयाचा नसे. हुकूम होताच सर्वांनी एकदम बार काढावयाचा असे. चापाचे खरे महत्त्व वाढले ते नळीत आटे पाडलेल्या रायफलीने. गोळी फिरत, सरळ आणि दूर जाऊ लागली, तेव्हा नेमाचा शत्रू उरला तो मारणाऱ्याच्या बोटाचा हिसका. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या मैदानावर राष्ट्रीय रायफल संघाच्या पहिल्या मेळाव्याचा आरंभ राणी व्हिक्टोरियाने केला. एकबारी व्हिटवर्थ रायफल एका पक्क्या बैठकीवर बसवलेली होती आणि तिच्या चापास रेशमी दोरी बांधलेली होती. राणीने दोरी हळूच ओढली. ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून सुमारे सव्वा इंचावर लागली. त्या रेशमी दोरीत सगळे शास्त्र आले. हात बंदुकीला न लागता चाप सुटला, तर बंदूक किती खरी आहे हे कळते. उरलेली चूक माणसाची.

पण राणीची दोरी सर्वांना कोठून मिळणार? म्हणून चाप हलका करण्याची चढाओढ लागली, आणि तिला लगाम घालावयास पुन्हा लेखणीच पुढे आली. १८७४ साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे आयर्लंड व अमेरिका यांचा सामना झाला. दोन्हीकडे एकबारी रायफली. आयरिश मंडळींच्या तोंडाने भरावयाच्या, अमेरिकनांच्या मागून भरावयाच्या. नियम लिहिलेला होता की रायफल दहा पौंडांहून जड नसावी आणि चाप तीन पौंडांहून हलका नसावा. तपासणी सोपी असते: रायफल उभी धरावी, चापाला ठरलेले वजन टांगावे आणि ते जमिनीवरून उचलावे, घोडा पडला नाही तर चाप पास. एका साध्या वजनाने कारागिराची हौस आणि शेजाऱ्याचा जीव, दोन्ही राखले. अमेरिकनांनी तो सामना अवघ्या तीन गुणांनी जिंकला.

या नव्या विद्येच्या शाळेत आम्हांस मात्र प्रवेश नव्हता. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा मुद्दाम एक पिढी जुनी बंदूक ठेवण्यात येई. १८७१ साली मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल विलायती फौजेने स्वीकारली, तरी हिंदी शिपाई त्यानंतर कित्येक वर्षे मागील नमुन्यावरच कवायत करीत राहिला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने गावच्या बंदुकीलाही परवान्याची बेडी घातली. गिऱ्हाईक गेले तसा कारागीर गेला. कोणी कुलपे करू लागला, कोणी शेतीची अवजारे. म्हैसूरच्या पश्चिमेस कोडगू प्रांती मात्र त्या कायद्यातून कोडव लोकांना सूट मिळाली आणि ती अद्याप चालू आहे. त्यांच्या कैलपोळ्द सणात घरची बंदूक पूजेत मांडतात, आणि नारळावर नेम मारण्याच्या शर्यती लागतात. आमच्याकडे खंडेनवमीस पूजा राहिली, नेम गेला.

नेम गेला असे म्हणतो न म्हणतो तोच आम्हांस थांबावे लागते. २०१० साली म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफलच्या पडून नेम धरण्याच्या प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक घेतले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला बहात्तर वर्षांनी मिळालेले हे वैयक्तिक पदक. आणि मिळवणारे मध्य रेल्वेतील तिकीट तपासनीस! ही रायफल एकबारीच असते. दर बारास नवे काडतूस हाताने भरावे लागते. तिच्या चापाला किमान वजनाचे बंधन नाही, म्हणून तो प्रत्येक नेमबाज आपल्या बोटाजोगा लावून घेतो. खाच, जीभ आणि कमान तीच. मात्र त्यांचा मेळ आता केसाच्या जाडीहून बारीक मापाने जुळवतात.

पदकाच्या आनंदात एक गोष्ट आम्ही विसरू नये. या खेळातील नामांकित रायफली आजही जर्मनी व स्वित्झर्लंड येथे तयार होतात. बोट कोल्हापूरचे, चाप परदेशचा. १७९१ च्या बाजारातील बर्मिंगहॅमचा चाकू पुन्हा समोर येऊन उभा राहतो. उत्तम वस्तू विकत घेणे यात लाज नाही. परंतु विकत घेता येते म्हणून घडवण्याची जिज्ञासाच न उरणे ही खरी हानी होय, आणि ती एकदा पदरात पडलेली आहे.

आपण परमुलखी नोकरीनिमित्त राहणारी माणसे. लेखणी हेच आपले हत्यार. आपल्या टेबलावरून कारखान्यांच्या, शाळांच्या, कारागिरांच्या अर्जांचे कागद जातात. त्या कागदापलीकडे कानस धरलेला एक हात आहे, हे ज्या दिवशी लेखणी जाणते त्या दिवशी एका उस्तादाचे कसब सगळ्या राज्याचे होते. न जाणेल तर पट्टणच्या वाघनक्षीच्या बंदुका परक्यांच्या संग्रहालयांत जाऊन बसतात, आणि आपण त्यांच्यापुढे तिकीट काढून उभे राहतो. बन्नूरजवळच्या पुलाखालून कावेरी आजही तशीच वाहते. उतार शोधणारास तेव्हा मिळाला नाही म्हणून तो कधीच नव्हता असे नाही.